बियांकाचे दोन मेजर

५ मे, सोमवार
बियांकाला बारावीत ८९ टक्के. मॅथ्समध्ये ९६.
निकाल दुपारी एकला लागला. मी ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये डेड स्टॉक रजिस्टर घेऊन बसलो होतो. मे महिन्यात लॅब असिस्टंटला तेच काम असतं. तिचा फोन एक वाजून वीस मिनिटांनी आला. म्हणाली, पप्पा, ८९. मी म्हटलं, छान. ती म्हणाली, पर्सी अंकल बोलले, आधी पप्पांना सांग, म्हणून लगेच केला. म्हणजे पर्सीला आधी कळलेलं होतं.
वीस मिनिटं. राग नाही. नोंद करून ठेवतोय.
पर्सी हा माझ्या बायकोचा, लुर्दसचा, धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. ठाकुर्लीला एकटा राहतो, इन्शुरन्स कंपनीत क्लेम्स बघतो. बियांकाचा गॉडफादर. बाप्तिस्म्याला तिला त्याने हातात धरलं होतं, मी कॅमेरा धरला होता. त्यामुळे सगळ्या फोटोंत तो आहे. ही डायरीही त्याच्याच कंपनीची, नाताळात आणून दिलेली. घरात दुसरी कोरी वही नव्हती. कव्हरवर ब्राउन पेपर घातला.
लुर्दसला जाऊन परवा सात महिने झाले. घरात बोलायचं काम तिच्याकडे होतं, ऐकायचं माझ्याकडे. एकोणीस वर्षं हे व्यवस्थित चाललं.
ठरवलं: बियांकाशी रोज पंधरा मिनिटं बोलायचं. विषय आदल्या दिवशी कागदावर काढून ठेवायचे.

६ मे
आजचे विषय: गिझर. मार्कशीटच्या झेरॉक्स. पुढे काय.
पहिल्या दोन विषयांत तीन मिनिटं गेली. तिसरा काढणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. पर्सी. बेचाळीस मिनिटं. मी मोजत नव्हतो, समोरच घड्याळ आहे.

८ मे, गुरुवार
तिला अ‍ॅक्चुअरी व्हायचंय. जेवताना सांगितलं. पर्सी जेवायला होता. मी विचारलं, म्हणजे नक्की काय? ती तोंड उघडणार तेवढ्यात पर्सीच सुरू झाला. अरे फ्लेव्ही, कुठल्या वयाची किती माणसं वर्षभरात जाणार, हे जो आधीच हिशोब करून सांगतो ना, तो. त्याच्यावर कंपनीचा प्रीमियम ठरतो. आमच्या ऑफिसात त्याची केबिन वेगळी, कॉफी वेगळी.
मी म्हटलं, मला माहीत आहे. (नव्हतं.)
हे खूळ कुठून आलं तेही कळलं. नोव्हेंबरात लुर्दसच्या पॉलिसीचे कागद पर्सीने भरले, तेव्हा बियांका शेजारी बसली होती. तिने विचारलं, कंपनीला कसं कळतं कोण कधी जाणार? त्याने सांगितलं, कोण ते नाही कळत गं, किती तेवढंच कळतं. आणि एक टेबल दाखवलं. मी तेव्हा कुठे होतो ते आठवून बघितलं. पाण्याचं पिंप भरत होतो.
आता कॉलेजात दोन-दोन मेजर घेता येतात. आमच्या वेळी एकच विषय असायचा, त्यातच माणूस नापास व्हायचा. पर्सीचं मत: स्टॅटिस्टिक्स आणि इकॉनॉमिक्स. तेही इथेच ठाण्यात, आमच्या चरईतून चालत दहा मिनिटांवरच्या कॉलेजात. त्या कॉलेजचं प्रॉस्पेक्टसही घेऊन आला होता. माझ्या ताटाशेजारी ठेवलं. म्हणाला, वाच रे नीट, सगळं लिहिलेलं आहे. मी ते टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. शिक्षणक्षेत्रात सव्वीस वर्षं मी आहे, तो नाही.
ठरवलं: कुठल्याही परिस्थितीत इकॉनॉमिक्स नको. कारण शोधायचं.

११ मे, रविवार
मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात नेहमीसारखी माणसं पर्सीभोवती. त्याला रडू लगेच येतं. कोणी नुसतं लुर्दस म्हटलं तरी डोळे भरतात, मग लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. आज एका बाईंनी त्याला दोन मिनिटं धरून ठेवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, डाव्या बाजूचे पंखे दुरुस्त झाले का हो?
नवरा मी आहे. शर्टाच्या खिशावर काळी फीत मी अजून लावतो, वर्ष होईपर्यंत लावणार. पर्सीने महिन्याच्या मिस्सानंतर काढून टाकली. पण फीत जवळ येऊन बघावी लागते, रडणं लांबून दिसतं.

१३ मे, मंगळवार
स्वतंत्र सल्ला घेतला. हेमांगी मॅडम, आमच्याकडे मॅथ्स शिकवतात. त्यांनी एका मिनिटात सांगितलं. अ‍ॅक्चुअरी व्हायचं तर मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्स. पाया पक्का होतो, पुढचे पेपर झेपतात. इकॉनॉमिक्स काय, लागेल तेवढं नंतर वाचता येतं. त्यांची मृणाल नावाची विद्यार्थिनी पुण्याला हेच दोन मेजर करतेय.
इकॉनॉमिक्स नंतर वाचता येतं. हे वाक्य मी लॅबच्या फळ्यावर लिहून पुसलं.
जाताना म्हणाल्या, पण दोन्ही मेजर म्हणून कुठे मिळतात ते बघून घ्या हं सर, सगळीकडे हे कॉम्बिनेशन नसतं. मी म्हटलं, मॅडम, मॅथ्स कुठल्या कॉलेजात नसतं? त्या म्हणाल्या, तसं नाही, मेजर म्हणून म्हणतेय. मी हसलो. त्या मला सर म्हणतात. पर्सीला कोणी सर म्हणत नाही.
जेवताना बियांकाला सांगितलं. तिचा हात ताटातच थांबला. म्हणाली, तुम्ही कुणाला विचारलंत? मी म्हटलं, अभ्यास केला. म्हणाली, मलाही खरं तर तेच आवडेल पप्पा, पण... आणि भात कालवायला लागली. पण काय, ते उघड आहे. पर्सीला दुखवायचं नाही. पोर मनाने हळवी आहे, आईवर गेली आहे.

१५ मे, गुरुवार
बियांकाने पुण्याच्या कॉलेजचाही ऑनलाइन फॉर्म भरून ठेवलाय. पर्सीला कळल्यावर तो भडकला. पुणं काय करायचंय? घरासमोर कॉलेज असताना होस्टेलचं पाणचट वरण प्यायला जायचंय? मी लगेच म्हटलं, पुण्यात वाईट काय आहे? चांगलं शहर आहे. मुली एकट्या राहून शिकतात, धीट होतात.
बियांका माझ्याकडे बघत राहिली. पर्सीसुद्धा. नंतर स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाला, फ्लेव्ही, समजून बोल रे बाबा. मी म्हटलं, समजूनच बोलतो मी. तो बाहेर निघून गेला.
बऱ्याच दिवसांनी त्याला गप्प केलं. पुण्याचा अर्थात प्रश्नच नाही. फॉर्म काय, कोणीही भरतं.

१७ मे, शनिवार
अ‍ॅक्चुअरीच्या विषयात पर्सीच्या पुढे जायचं ठरवलं आहे. ते टेबल इंटरनेटवर मिळालं. वयं उभी लिहिलेली, समोर आकडे. लुर्दस ज्या वयाला गेली ती ओळ काढली.
त्या वयाच्या हजार माणसांत वर्षभरात तीनही जात नाहीत.
म्हणजे नऊशे सत्त्याण्णव घरी आहेत. त्यांचे नवरे आत्ता, संध्याकाळचे सहा वाजता, मार्केटमधून भाजी घेऊन चाललेत आणि फोन करून विचारतायत, कोथिंबीर आणू का? त्यांना हे टेबल माहीतही नाही. नऊशे सत्त्याण्णव माणसांचा एकदम हेवा करणं सोपं नाही. करून बघितला. जमला.
नोव्हेंबरात बियांकानेही हीच ओळ बघितली असणार. तिला त्याबद्दल विचारायला हवं. उद्याच्या विषयांत लिहिलं.

१८ मे, रविवार
विचारलं नाही. पर्सी आला होता.
दर मे महिन्यात लुर्दस वर्षाचा बॉटल मसाला करायची. या वर्षी तो होणार नाही असं मी धरून चाललो होतो. पर्सीने ठाकुर्लीच्या गच्चीत मिरच्या वाळवल्या, डंकावरून मसाला कुटून आणला. सहा बाटल्या, गच्च दाबून भरलेल्या. मग त्यातलाच घालून चिकन खुड्डी केली. बियांकाने एक घास घेतला आणि म्हणाली, सेम मम्मी. पर्सी रडला. बियांका रडली. मी भात वाढला.
दोघं एकाच आईकडून शिकलेले, चव सेम येणारच, त्यात त्याचं कर्तृत्व नाही. चांगली झाली होती, हे मान्य करायला हवं. हवंच असं काही नाही. मीठ थोडं पुढे होतं.

२१ मे, बुधवार
अ‍ॅक्चुअरीच्या एन्ट्रन्सचा नमुना पेपर घड्याळ लावून सोडवला. शंभरापैकी अकरा. त्यातले चार अंदाजाने. पेपर जुना असावा.
कागद फाडायचा राहिला आणि बियांकाला सापडला. विचारलं, हे कुणी सोडवलंय? मी म्हटलं, पर्सीने असेल. ती म्हणाली, वाटलंच मला. ऐकून फार बरं वाटलं.
संध्याकाळी पर्सी आला. बियांकाने त्याला शेजारी बसवून प्रॉबॅबिलिटी पहिल्यापासून शिकवली. सव्वा तास. अंकल, घाबरू नका, सोपं असतं, असं म्हणत होती. त्याला काही कळेना, मी कधी सोडवला गं पेपर, विचारत होता, पण शिकत बसला. लबाड माणूस.
ते सव्वा तास माझे होते.

२३ मे, शुक्रवार
चर्चच्या पॅरिश ऑफिसात जाऊन आलो. रविवारच्या मराठी मिस्साला इंटेन्शन द्यायचं होतं. मिस्सा सुरू व्हायच्या आधी वाचतात. अमक्याच्या आत्म्याला शांती, तमक्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं, या या गोष्टीबद्दल आभार. सगळा पॅरिश ऐकतो. एकदा तिथे वाचलं गेलं की ती गोष्ट झाल्यासारखीच असते. मग पर्सीने कितीही फोन करावेत.
अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख ३ जून. पण जूनचे पुढचे रविवार भरलेत. १ तारखेला एकच जागा होती.
रजिस्टर हेझलकडे असतं. तिने विचारलं, अंकल, लुर्दस आंटीसाठी ना? मी म्हटलं, नाही, आभाराचं आहे. मुलीला मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्सला अ‍ॅडमिशन मिळाल्याबद्दल. म्हणाली, अरे वा, मिळाली? मी म्हटलं, मिळेल. तिने पेन थांबवलं. अंकल, आधीच आभार मानायचे? मी म्हटलं, यालाच श्रद्धा म्हणतात. त्यावर पॅरिश ऑफिसात बसून कोण काय बोलणार. तिने लिहून घेतलं. लिहिताना वरच्या ओळीकडे बघून तिला खोकला आला. उन्हाळ्यात असे खोकले असतात.

२७ मे, मंगळवार
बियांकाचं नाव दोन्हीकडे लागलं. ठाण्याला आणि पुण्याला. दोन्हीकडे लागूनही चेहरा उतरलेला. पर्सीचा फोन आला, स्पीकरवर. म्हणाला, झालं ना, ठाण्याला लागलं ना, विषय संपला. मी लांबूनच म्हटलं, मेजर महत्त्वाचे, कॉलेज दुय्यम. हे वाक्य मला आवडलं. आणखी एकदा म्हटलं.
बियांकाने विचारलं, खरंच दुय्यम? मी म्हटलं, अर्थात.
हेमांगी मॅडमनीही आज विचारलं, प्रॉस्पेक्टस बघितलं का? मी म्हटलं, आहे घरात. खोटं नाही.

१ जून, रविवार. दुपारी.
बियांका मध्ये, मी उजवीकडे, पर्सी डावीकडे. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पर्सीनेही. तो अल्तारकडे बघून स्वतःशीच हसत होता. कारण कळेना.
इंटेन्शन वाचायला सुरुवात झाली. दोन आत्मे. एक लग्नाचा वाढदिवस. मग: भाची बियांका हिला स्टॅटिस्टिक्स आणि इकॉनॉमिक्सला प्रवेश मिळाल्याबद्दल आभार, पर्सी यांच्याकडून.
मी वळून बघितलं. तो अजून हसत होता.
पुढचं: मुलगी बियांका हिला मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्सला प्रवेश मिळाल्याबद्दल आभार, वडील फ्लेव्हियन यांच्याकडून.
आता त्याने वळून बघितलं. मागच्या बाकावरून एक बाई शेजारणीला म्हणाल्या, पोरगी हुशार आहे गं, पण एवढी? फादरनी चष्म्याच्या वरून आधी रजिस्टरकडे बघितलं, मग आमच्या बाकाकडे, आणि क्रूसाची खूण केली. बियांकाने मिस्साभर मान वर केली नाही. कम्युनियनला गेली तीही दुसऱ्या रांगेतून.
आवारात लोकांनी बियांकाला घेरलं. चार मेजर घेतलेस म्हणे? मी समजावलं की चार नाही, तीन, स्टॅटिस्टिक्स दोन्हींत कॉमन आहे.
प्रत्यक्ष अ‍ॅडमिशन अजून कुठेच घेतलेली नाही, हा एक मुद्दा उरतो. पण तो पर्सीलाही लागू आहे. शिवाय माझं नंतर वाचलं. नंतरचंच लक्षात राहतं.

१ जून. संध्याकाळी.
बियांका दिवसभर बोलली नव्हती. सातच्या सुमारास खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. म्हणाली, पप्पा, एकदाच विचारते. मी मॅथ्स-स्टॅट्सच करावं असं तुम्हाला खरंच वाटतं? मी म्हटलं, हो. म्हणाली, सगळा विचार करून? मी म्हटलं, सगळा. मग म्हणाली, तुम्ही मॅनेज कराल?
म्हणजे पर्सीचा राग, रुसवा, रविवारची नाटकं. मी म्हटलं, मी करीन मॅनेज, तू त्याची अजिबात काळजी करू नकोस.
ती उठली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. बराच वेळ. लुर्दस गेल्यापासून पहिल्यांदा. मला हात कुठे ठेवावा कळेना, म्हणून खुर्चीच्या दांड्यावर ठेवला.
जिंकलो.

२ जून, सोमवार
११.१० ला फोन. लॅबमध्ये. म्हणाली, पप्पा, झाली अ‍ॅडमिशन. पहिला फोन तुम्हालाच, पर्सी अंकलना अजून सांगितलं नाहीये.
पहिला फोन मला. हे दोनदा विचारून घेतलं. हो, पहिलाच.
मग म्हणाली, पुण्याची सीट कन्फर्म केली. पंधराला होस्टेलवर जायचंय.
मी म्हटलं, कुठली सीट? तिला ऐकू गेलं नसावं. ती बोलत होती, भरभर, आईसारखी. म्हणाली, थँक्यू पप्पा. ठाण्याला मॅथ्स नुसतं मायनर आहे, मेजर मिळतच नाही, हे माहीत असून तुम्ही मागे हटला नाहीत. मला तर वाटलेलं तुम्ही सोडणारच नाही. मी इकॉनॉमिक्सच घेणार होते. अंकल बोललेले, पप्पाला विचारूच नकोस, तो एकटा पडेल, बोलणार काही नाही पण पडेल. आणि तुम्ही तर स्वतःहून... आणि रडायला लागली.
मी म्हटलं, छान.
फोन ठेवल्यावर तारांच्या वेटोळ्यांची नोंद करत बसलो. बारा आहेत. चौदा लिहिलं.

३ जून, मंगळवार
प्रॉस्पेक्टस काढलं. पान चौदा. तक्ता आहे, डावीकडे पहिला मेजर, उजवीकडे दुसरा. स्टॅटिस्टिक्सच्या समोर इकॉनॉमिक्स, कॉमर्स. मॅथ्ससमोर छोट्या टाइपात: फक्त मायनर. पर्सीने पेन्सिलीने गोल केलेला होता. शेजारी लिहिलेलं: फ्लेव्ही, हे बघ.
चष्मा दोनदा पुसावा लागला. नंबर वाढला असणार.
संध्याकाळी पर्सी आला. फोन न करता. बियांका मैत्रिणीकडे होती. दारातच सुरू झाला. मी इकॉनॉमिक्स, इकॉनॉमिक्स करून बोंबलत होतो ते कशासाठी रे? मला काय कळतं इकॉनॉमिक्समधलं? मी कॉमर्सला दोनदा बसलेलो. ती इथे राहावी म्हणून. तुझ्याजवळ. आणि माझ्यापण. ठाकुर्लीवरून रविवारी येतो तो काय तुझं थोबाड बघायला येतो? पानावर गोल करून दिलेला. तोंडाने कसं सांगणार, ती घरातच असायची.
मी म्हटलं, मी वाचलं नव्हतं. त्याने विचारलं, का? मी म्हटलं, वेळ नव्हता. तो खुर्चीत बसला. म्हणाला, अजून आजचा दिवस आहे. ठाण्याची सीट सोडलेली नाही तिने. तू फक्त म्हण, राहा. एक शब्द आहे. माझ्या तोंडून नाही चालणार.
ठरवलं: बियांका आली की सांगायचं. वाक्य कागदावर काढलं. बियांका, तू इथेच राहावंस असं मला वाटतं. वाचून बघितलं. ‘मला वाटतं’ खोडलं. परत घातलं.
साडेसातला ती आली. जिन्यात खालच्या रमाबाई भेटल्या असाव्यात, आवाज वर येत होता. बियांका सांगत होती, नाही हो आजी, पप्पांनीच सांगितलं जा म्हणून. मम्मी गेल्यावर मला वाटायचं पप्पांना काही कळतच नाही माझं. त्यांना सगळं कळत होतं.
पर्सी माझ्याकडे बघत होता. ती आत आली. मी म्हटलं, होस्टेलला गादी देतात की न्यावी लागते?
ती म्हणाली, न्यावी लागते. पर्सी बाल्कनीत गेला.

५ जून, गुरुवार
हेमांगी मॅडम म्हणाल्या, सर, मोठं मन लागतं याला. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर. मी म्हटलं, मुलांसाठी करावं लागतं. विचार केला तर आतून कुठेतरी मला माहीत असणारच. नाहीतर १५ मे रोजी मी पुण्याची बाजू का घेतली असती? डायरीत लिहिलेलंच आहे.

८ जून, रविवार
मिस्सानंतर माणसं माझ्याभोवती. पंख्यांची चौकशी करणाऱ्या बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. म्हणाल्या, आधी बायको, आता मुलगी, कसं हो सहन करता तुम्ही. पर्सीकडे कोणी गेलं नाही. तो सायकल स्टँडपाशी एकटा उभा होता.
सात महिने, आता आठ झाले, मी ज्याची वाट बघत होतो ते हेच होतं. दीड मिनिट ठीक होतं. मग हात सोडवून घ्यावासा वाटला.

१५ जून, रविवार
तिला सोडून आलो. पर्सी बरोबर होता. तिसऱ्या मजल्यावर गादी नेताना दोघांनाही पुढचं टोक धरायचं होतं. शेवटी बियांका म्हणाली, पप्पा पुढे, अंकल मागे, आणि भांडू नका. होस्टेलच्या रेक्टर विनिता मॅडम यांनी विचारलं, वडील कोण? मी बोलायच्या आत पर्सीने माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, हे. हिचं सगळं यांनीच ठरवलंय.
कुत्सितपणे म्हणाला का, हे येताना रस्ताभर ठरवत होतो. नसावा.
निघताना तिने दोघांना जवळ घेतलं. आधी कोणाला ते बघितलं नाही. त्याला.

१८ जून, बुधवार
बियांकाचा फोन. चार मिनिटं. जेवण बरं आहे. मॅथ्सचे सर कडक आहेत. मी विचारलं, टेबल शिकवायला लागले का? कुठलं टेबल, पप्पा? मी म्हटलं, काही नाही, असंच.
ठरवलं: पुढच्या फोनला विचारायचं.

२२ जून, रविवार
मिस्सानंतर पर्सी घरी आला. बियांका नाही, तरी आला. मीही काही म्हटलं नाही. मी वरण लावलं, त्याने बोंबील तळले. जेवलो. तो खुर्चीत, मी दिवाणावर. दोघांचे फोन टीपॉयवर, शेजारी शेजारी, पाठ खाली करून ठेवलेले.
चारच्या सुमारास त्याने विचारलं, आलेला तिचा फोन?
मी म्हटलं, बुधवारनंतर नाही. तुला?
म्हणाला, मला तर मंगळवारनंतर नाही.
बरं वाटलं. जरा वेळाने ते वाटेनासं झालं.